पाठीवरची कोरडी जागा

१

दर सोमवारी सकाळी लोरेटा खोऱ्यातल्या बारा झाडांपाशी जायची. पाइनच्या खोडांना पट्ट्यानं बांधलेले बारा कॅमेरे होते. समोरून काही हललं की ते आपले आपण फोटो काढत. तिनं फक्त आतलं कार्ड बदलायचं, बॅटरी बघायची, काचेवरचा बर्फ अंगठ्यानं पुसायचा आणि पुढचं झाड गाठायचं. बाराव्या झाडापर्यंत दुपारचे दोन वाजत. मग तळ्याकाठच्या एमिलच्या खोपटात परत यायचं, चूल पेटवायची, सुक्या साल्मन माशाचा तुकडा दाढेखाली धरायचा आणि फोटो बघत बसायचं.

बघण्यालाही रीत होती, आणि ती तिच्या भावानं, एमिलनं, घालून दिलेली होती. प्रत्येक रानघोड्याची डावी बाजू, उजवी बाजू आणि तोंड. दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय घोडा वहीत चढवायचा नाही. एकाच बाजूनं पाहिलेले दोन घोडे पुष्कळदा एकच निघतात. एमिल म्हणायचा की सरकारी साहेबाला आपलं सांगितलेलं कधी पटत नाही, त्याला दाखवायला लागतं, आणि एका बाजूनं दाखवलं की तो दुसरी बाजू मागतो.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सोमवारी सातव्या कॅमेऱ्यात एक टोळी आली. नऊ घोडे, विलोच्या झुडपांत, पडत्या बर्फात माना खाली घालून उभे. सगळ्यांच्या पाठीवर बर्फाचा जाड थर. हे चांगलं लक्षण. हिवाळी केस दाट असले की अंगाची ऊब बाहेर पडत नाही आणि पाठीवरचा बर्फ वितळत नाही. पाठ ओली दिसली तर समजायचं, जनावर खंगलंय.

नवव्या घोडीच्या पाठीवर बर्फ होता आणि नव्हताही. मानेवर होता, पुठ्ठ्यावर होता. मधे, खांद्यांच्या मागे, दोन वितींची जागा कोरडी होती. ओली नव्हे, कोरडी. तिच्या कडा स्वच्छ होत्या आणि बरगड्यांवरून ती खाली निमुळती होत गेली होती. जणू तिथं कुणी बसलं होतं आणि आत्ताच उतरलं होतं.

लोरेटानं फोटो मोठा केला. कपाळावरची वाकडी चांदणी, डाव्या कानाची फाटलेली कड. ही घोडी कुणाची ते तिला कुणी सांगायला नको होतं. रानात सोडण्याआधी तिच्यावर सहा वर्षं खोगीर चढलं होतं. खोगिरानं कातडी सोलवटते, तिथले केस विरळ येतात, ऊब बाहेर पडते. झालं. तिनं वहीच्या समासात लिहिलं: डावी बाजू, सातवा कॅमेरा, दहा चाळीस.

पुढचा फोटो दहा एक्केचाळीसचा. घोडी चार पावलं पुढं सरकली होती. बर्फ दाट पडत होता आणि ती जागा तशीच कोरडी होती. लोरेटानं जमीन बारकाईनं पाहिली. उतरणाऱ्याचं पाऊल उठतं.

खाली फक्त खुरांचे ठसे होते. कुणीही उतरलेलं नव्हतं.

२

एमिलला जाऊन दहा महिने झाले होते.

तो जायच्या आधीच्या हिवाळ्यात लोरेटानं शहरातलं कॉलेज सोडलं. वर्गात बाईंनी फळ्यावर नामशेष होत चाललेल्या गोष्टींची यादी लिहिली, तिच्यात या खोऱ्याची भाषा होती. लोरेटानं हात वर करून त्याच भाषेत एक शिवी दिली, दप्तर उचललं आणि बसमध्ये बसली. घरच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. ज्यांना पोरपणी सरकारी माणसांनी घरातून धरून लांबच्या शाळेत नेलं होतं, जे तिथून दोनदा-तीनदा पळाले होते, तेच आता शाळा सोडली म्हणून तिच्याशी धड बोलत नव्हते. खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांचं हे असंच. स्वतःच्या जखमा गोधडीखाली आणि दुसऱ्याच्या चव्हाट्यावर.

एमिल तसा नव्हता. पण नऊ एप्रिलच्या सकाळी तोही बोलला.

तो कॅमेऱ्यांकडे निघाला होता. लहानपणापासून दोघं एकाच घोड्यावर बसत, तो पुढं आणि ती मागं, म्हणून तो तिला शेपटे म्हणायचा. त्या दिवशीही त्यानं सवयीप्रमाणे खोगिरामागची जागा बाहीनं झटकली. फट, फट. दोनदाच, कधी तीनदा नाही.

"बस शेपटे," तो म्हणाला. "आणि वाटेत विचार कर. एक वर्ष राहिलंय. परत जा."

"तूही त्यांच्यातलाच झालास," लोरेटा म्हणाली. "तू जा एकटा."

तो एकटा गेला. या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: घोड्यावर दोघं असली की तळ्यावरच्या बर्फावर पाऊल घालायचं नाही, काठानं वळसा घ्यायचा. एकटा असला तर एप्रिलच्या मध्यापर्यंत सरळ जायचं, तासभर वाचतो. एमिल एकटा होता, म्हणून सरळ गेला. दुपारी घोडी परत आली. खोगीर चिंब, लगाम लोंबता, आणि नाकातून उकळत्या किटलीसारखी शीळ. धापा टाकताना ती नेहमीच तशी वाजायची. एमिल मे महिन्यात सापडला, बर्फ फुटल्यावर.

लोरेटाच्या आईकडच्या दोन-तीन घरांत एक रीत होती. माणूस गेला की त्याचा घोडा रानात सोडायचा आणि वर्षभर त्या घोड्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला मोजायचं नाही. का, ते कुणी सांगत नसे. लोरेटानंही विचारलं नव्हतं. घोडी सोडली तेव्हा ती ट्रकमध्ये काच वर करून बसली होती.

आणि आता सरकारी कार्यालयाचं पत्र आलं होतं. त्यांनी शरदात विमानातून काढलेल्या फोटोंत एकशे बारा घोडे दिसत होते. खोऱ्याच्या राखणदारांची वही मार्चअखेर त्याच्याशी जुळली, तर घोड्यांची राखण खोऱ्याकडे कायमची. नाही जुळली, तर हेलिकॉप्टरनं घोडे कोंडवाड्यात हाकून कार्यालय स्वतः मोजणार. कोंडवाड्यात गेलेले घोडे परत येत नाहीत, हे पत्रात लिहायची गरज नव्हती.

वहीत एकशे अकरा होते. एमिलनं सुरू केलेली वही एमिलच्या घोडीपाशी अडली होती.

३

थिओ मामाच्या घरात शिरलं की आधी अंधार भेटायचा. कुरणाकडच्या भिंतीला मोठी खिडकी होती, पण ती लोरेटाला आठवतं तेव्हापासून फळ्या ठोकून बंद. मामा म्हणायचा, थंडी येते. दाराच्या फटीतून बोट जाईल इतका वारा यायचा, त्याचं त्याला काही नव्हतं.

मामा राखणदारांचा म्होरक्या. शहरातून माणसं आली की घोडे आपले नातेवाईक आहेत यावर तो डोळे मिटून बोलायचा. घर चालवायची त्याची विधवा बहीण, अगाथ मावशी. तिनं तव्यावरची जाड रोटी आणि हरणाच्या मांसाचा रस्सा पुढ्यात ठेवला आणि मोजे विणत बसली.

लोरेटानं विषय काढला. डावी बाजू मिळाली आहे, उजवी मिळाली की झालं. मामानं चमचा खाली ठेवला. नऊ एप्रिलला वर्ष भरतं, तोवर त्या घोडीला हात लावायचा नाही, फोटोनंसुद्धा नाही, असं म्हणाला.

"कार्यालय नऊ एप्रिलपर्यंत थांबतंय होय?"

"मग एकशे अकरा सांगू. एक मेला म्हणू."

"त्यांना मढं दाखवायला लागेल, मामा. कुणाचं दाखवू?"

मावशीच्या सुया थांबल्या. मामा म्हणाला की तिला जनाची नाही तर मनाची तरी असावी. मग लोरेटाच्या तोंडाला धरबंद राहिला नाही. तिला ठाऊक होतं, सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मामाच्या तरुणपणी सरकार रानघोडे मारायला बक्षीस द्यायचं, कानांच्या जोडीमागे. मामा सगळ्यांत चांगला नेमबाज होता.

"तुम्ही नातेवाइकांचे कान पोत्यात भरून नेत होता," ती म्हणाली. "साहेबापुढे ओतून मोजून देत होता. तेव्हा तुमची रीत कुठं चरायला गेली होती?"

मामा चिडला नाही, आणि लोरेटाला तेच आवडलं नाही. त्यानं बंद खिडकीकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

दारापर्यंत मावशी आली. लोरेटाच्या खांद्यावरचा नसलेला बर्फ झटकत हळूच म्हणाली, "मोजलेलं राहतं, पोरी."

"राहायलाच हवंय. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

मावशीनं मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि दार लावून घेतलं.

४

त्यानंतरच्या पाच सोमवारांत ती घोडी अकरा फोटोंत आली. अकराही वेळा डावी बाजू. लोरेटानं कॅमेरे हलवले, वाटेच्या दुसऱ्या अंगाला बांधले. घोडी उलट दिशेनं आली आणि पुन्हा डावीच बाजू दाखवून गेली. अकराही वेळा बर्फ पडत होता, आणि अकराही वेळा ती जागा कोरडी.

लोरेटा कारणं शोधत राहिली. लाकूड फोडताना, पाणी आणताना ती एकेक कारण मांडायची. विरळ केस. घोडी झाडाखाली उभी राहत असेल, फांदी आडवी येत असेल. तिनं फूटपट्टी लावून ती जागा मोजली. एमिलचं खोगीर खुंटीवर होतं, तेही मोजलं. खोगीर मोठं निघालं. मग ती खोगिराची जागा नव्हती. ती फक्त बसणाऱ्या माणसाची होती, बिनखोगिराच्या.

ते माप तिनं वहीत लिहिलं नाही.

मार्चच्या मध्यात एका सकाळी ती टेबलाशी बसली असताना किटली उकळू लागली. लांब, बारीक शीळ. ती उठली, फडकं घेतलं, चुलीपाशी गेली. चूल विझलेली होती. किटली गार होती, आत कालचं पाणी, वर बर्फाचा काडीएवढा पापुद्रा. शीळ खिडकीच्या बाहेरून येत होती.

ती फडकं हातात धरून उभी राहिली. घोडी आली आहे, ती मनाशी म्हणाली. ओळखीचं घर, थंडीत जनावर येणारच. यात वावगं काय? कॅमेरा टेबलावर होता. चार पावलं आणि उजवी बाजू मिळाली असती. ती चार पावलं तिच्यानं टाकवली नाहीत. शीळ थांबेपर्यंत ती गार किटलीकडे बघत राहिली.

मग ती बाहेर गेली. उजाडून दोन तास झालेले, स्वच्छ ऊन. बाहेर खुरांचे ठसे खिडकीपर्यंत येऊन वळले होते. खिडकीच्या खालच्या तावदानावर बाहेरून दोन नाकपुड्यांची वाफ गोठली होती, वाटीएवढी.

वरच्या तावदानावर, हात वर करून लोरेटाला जेमतेम पोचता येईल अशा उंचीवर, आणखी एक डाग होता. लहान, गोल. माणूस काचेला तोंड लावून आत बघतो, तेव्हा उमटतो तसा.

लोरेटा आत आली आणि खूप वेळ रडली. भीतीनं रडली असती तर बरं झालं असतं.

५

तीस मार्चला अजून एकशे अकराच होते. सकाळी अकराच्या सुमाराला ती कॅमेरा गळ्यात अडकवून तळ्यावर गेली. बर्फ पडायला लागला होता, मोठे, सावकाश पडणारे पुंजके. वारा नव्हता.

घोडी काठावर होती, जिथून एमिल बर्फावर उतरला होता तिथंच. डावी बाजू लोरेटाकडे. मानेवर बर्फ, पुठ्ठ्यावर बर्फ, मधे कोरडं.

लोरेटा वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊ लागली. ती जाईल तशी घोडी वळत राहिली, डावी बाजू तिच्याकडेच ठेवून. दोघी वर्तुळात फिरत होत्या. तिसऱ्या फेरीला लोरेटाचे पाय भरून आले. कॅमेऱ्यात डोळा घातल्यावर तिला दिसलं की बर्फाचे पुंजके त्या जागेवर पोचतच नाहीत. पाठीच्या हातभर वर ते बाजूला होत होते. अलगद, घाई न करता, दगडाभोवती ओढ्याचं पाणी फुटावं तसे.

तिनं डोळा काढला. नुसत्या डोळ्यांनी पाहायचं तिच्यानं झालं नाही. पुन्हा कॅमेऱ्यात घातला.

वर्षभर न घेतलेलं नाव घेतल्याखेरीज घोडी वळणार नाही, हे तिला कळलं. फार साधं नाव होतं. एमिलनं शिंगरू असतानाच ठेवलेलं, आवाजावरून.

"किटली," ती म्हणाली. "इकडे बघ, किटली."

घोडी थांबली. कान टवकारले. मग हळूहळू वळून उजवी बाजू पूर्ण समोर करून उभी राहिली. इतकी नीट, की एमिलनं शिकवल्यासारखी.

आणि त्याच वेळी कोरड्या जागेच्या मागचा बर्फ उडाला. फट, एकदा. फट, दुसऱ्यांदा. पांढरी भुकटी पुठ्ठ्यावरून घरंगळली आणि आधीच्या जागेला लागून दुसरी जागा मोकळी झाली, जराशी लहान, एका बारीक चणीच्या माणसापुरती.

 काठानं वळसा घ्यायची वाट समोर होती, न तुडवलेली, पांढरी. ती त्या दिवशी मागं बसली असती तर त्याच वाटेनं गेले असते दोघं. वाटेत भांडले असते. तास जास्त लागला असता.

बटण दाबलं नाही तर वर्ष दहा दिवसांत भरलं असतं. घोडी तिच्या वाटेनं गेली असती, आणि जे कोण जायचं होतं तेही. एकशे अकराची वही घेऊन मामा कार्यालयात गेला असता आणि बर्फ वितळल्यावर हेलिकॉप्टर आलं असतं. एमिलनं वहीवर घातलेली तीन वर्षं कोंडवाड्यात गेली असती. दाबलं तर एकशे बारा.

हे सगळं तिनं स्वतःला नंतर सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण एवढंच की तिला तो जायला नको होता.

तिनं बटण दाबलं.

६

वही जुळली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयाचं पत्र आलं, शिक्क्यासकट. सभागृहात जेवण झालं, ढोल वाजले. थिओ मामा घोडे आपले नातेवाईक आहेत यावर डोळे मिटून बोलला आणि शेवटी एमिलचं नाव घेताना त्याचा आवाज फाटला. लोरेटाला टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायांनी तिला मिठ्या मारल्या. ज्या तोंडांनी वर्षभर तिला शाळा सोडलेली म्हटलं, तीच तोंडं आता आमची पोरगी म्हणत होती. अगाथ मावशी कोपऱ्यात बसून होती. ती फक्त म्हणाली की लोरेटा बारीक झाली आहे, आणि तिनं खोपट सोडून आपल्याकडे राहायला यावं. लोरेटा नाही म्हणाली.

नऊ एप्रिलला वर्ष भरलं. त्या सकाळीही शीळ आली, आदल्या नऊ सकाळींसारखीच. खालच्या तावदानावर डाग आणि वरच्या तावदानावर डाग. तळ्यावरचा बर्फ करडा पडला होता, काठाकाठानं पाणी दिसत होतं. कॅमेऱ्यांत आता दुसरं काही येतच नव्हतं. बाराही कार्डांवर तीच घोडी, उजवी बाजू, पाठीवर दोन कोरड्या जागा, तोंड खोपटाकडे.

दुपारी लोरेटा मामाकडे गेली आणि म्हणाली की ते पान वहीतून काढायचं आहे. सांगा कार्यालयाला, चूक झाली.

मामा खाटेवर बसला. मग म्हणाला, "सही झाली, पोरी. आता एक कमी सांगितला तर सगळेच जातील."

"तुम्हीच नको म्हणत होता."

"हो. तेव्हा म्हणत होतो."

तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण तो उठला होता. खाटेखालून त्यानं चार फळ्या ओढून काढल्या, चांगल्या वाळवलेल्या, मापात कापलेल्या. त्या कधीपासून तयार होत्या, ते तिनं विचारलं नाही.

दोघं खोपटात आले. मामानं आतून खिडकीवर फळी धरली, तळव्यानं घट्ट दाबून, आणि बाहेर नजर जाऊ नये म्हणून मान वळवून ठेवली.  लोरेटानं खिळा टेकवला.

"तिरका मार," तो म्हणाला. "सरळ मारलेला हलत हलत निघून येतो."

"किती होते, मामा?"

मामानं पुढची फळी उचलली.

"दोनशे सहा," मामा म्हणाला. "त्यांना कान नाहीत, म्हणून हाका मारून उपयोग नाही. तुझा ऐकेल तरी. बोलून बघ त्याच्याशी."

तिसरी फळी बसली, चौथी बसली. खोपटात अंधार झाला. मामा चुलीपाशी जाऊन बसला आणि दोन्ही तळवे त्यानं कानांवर धरले, नेहमीची सवय असल्यासारखे.

शीळ सुरू झाली. अगदी जवळ, फळ्यांच्या पलीकडे. लोरेटानं कपाळ लाकडाला टेकवलं. एक वाक्य वर्षभर तिच्या घशात अडकलं होतं, परत गिळता न येणारं. तिनं शपथ घेतली होती की ते पुन्हा कधी तोंडातून काढायचं नाही. आता दुसरं कुठलंही कामाचं नव्हतं.

"एमिल," ती म्हणाली. "तू जा एकटा."

शीळ थांबली. कितीतरी वेळ काहीच नव्हतं. तळ्यावर कुठंतरी बर्फाला तडा गेल्याचा आवाज झाला, लांबवर पसरत गेला आणि विरला.

मग फळीच्या पलीकडून, अगदी तिच्या कपाळासमोरून, बाही झटकल्याचा आवाज आला. दोनदा.